डिव्हिजन जिंकली म्हणून यजमानपदही का?

एएफएल आणि एनएफएल या दोन अमेरिकन फुटबॉल लीगचं विलीनीकरण ठरलं, तरी कोणी कोणाच्या गटात खेळायचं यावर संघमालकांचं एकमत होईना. एएफसी या कॉन्फरन्सचा, म्हणजे लीगच्या दोन भागांपैकी एकाचा, प्रश्न आधी सुटला. पिट्सबर्ग, क्लीव्हलँड आणि बाल्टिमोर हे जुन्या एनएफएलमधले तीन संघ प्रत्येकी ३० लाख डॉलर घेऊन तिकडे गेले. दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एनएफसीतल्या, उरलेल्या १३ संघांची वाटणी मात्र अडून बसली. शेवटी १६ जानेवारी १९७० रोजी कमिशनर पीट रोझेल यांनी पाच आराखड्यांच्या चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात टाकल्या आणि त्यांच्या सचिवांनी त्यातली एक उचलली. तिसऱ्या क्रमांकाचा आराखडा निघाला. त्यातून एनएफसी वेस्ट ही डिव्हिजन, म्हणजे कॉन्फरन्समधला छोटा गट, तयार झाली: लॉस एंजेलिस रॅम्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, अटलांटा फाल्कन्स आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्स. चारातले दोन संघ पश्चिमेचे, एक मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचा आणि एक थेट ईस्टर्न टाइम झोनमधला.

हा इतिहास उकरण्याचं कारण आजच्या एका नियमात आहे. एनएफएलमध्ये डिव्हिजन जिंकणाऱ्या संघाला बाद फेरीत जागा तर मिळतेच, शिवाय पहिला सामना घरच्या मैदानावर मिळतो. त्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या संघाने त्याच्यापेक्षा चार सामने जास्त जिंकले असले तरी त्याने पाहुणा म्हणून जायचं. माझं म्हणणं असं, की पहिलं बक्षीस योग्य आहे, दुसरं नाही. चिठ्ठीतून, पैशाच्या गणितातून आणि स्टेडियमच्या करारांतून ज्या रेषा आखल्या गेल्या, त्यांच्या आत पहिलं येण्याला एक जागा मिळावी. यजमानपद साखळीत जास्त सामने जिंकणाऱ्याचं असावं.

एनएफसी वेस्टच्या सीमा किती सैल होत्या ते पाहण्यासारखं आहे. १९७६ मध्ये सिॲटल सीहॉक्स हा नवा संघ याच डिव्हिजनमध्ये आला आणि एकाच हंगामानंतर त्याला एएफसी वेस्टमध्ये हलवलं. तिथे तो २००१ पर्यंत राहिला. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा नवा संघ, कॅरोलायना पँथर्स, ‘वेस्ट’मध्ये दाखल झाला. त्याच वर्षी रॅम्सनी लॉस एंजेलिस सोडून सेंट लुईस गाठलं. म्हणजे १९९५ ते २००१ या सात हंगामांत एनएफसी वेस्टच्या पाच संघांपैकी पश्चिमेत राहत होता फक्त एक, सॅन फ्रान्सिस्को. त्याच काळात ॲरिझोनाच्या वाळवंटातला कार्डिनल्स संघ एनएफसी ईस्टमध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाशी खेळत होता, कारण तो सेंट लुईसला असतानाच त्या डिव्हिजनमध्ये होता आणि १९८८ मध्ये शहर बदलल्यावर कोणी त्याला तिथून हलवलं नाही. शार्लट ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त आणि घड्याळात तीन तासांचा फरक. डिव्हिजनमधले सामने घरी आणि बाहेर असे दोन्हीकडे होतात, त्यामुळे ही फेरी दरवर्षी करावी लागे.

ह्यूस्टन टेक्सन्स आल्यावर २००२ मध्ये ३२ संघांच्या आठ डिव्हिजन झाल्या. अटलांटा, न्यू ऑर्लिन्स आणि कॅरोलायना नव्या एनएफसी साउथमध्ये गेले, सिॲटल आणि ॲरिझोना वेस्टमध्ये आले. डॅलस तरीही ईस्टमध्ये राहिलं, इंडियानापोलिस साउथमध्ये गेलं, आणि सेंट लुईसही वेस्टमध्येच राहिलं. ही शेवटची विसंगती सुटली ती लीगने नकाशा पाहिला म्हणून नाही. सेंट लुईसच्या डोमच्या भाडेकरारात एक कलम होतं: ठरावीक टप्प्यांवर हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या एक चतुर्थांशात बसलं पाहिजे. ते बसेना. २०१३ मध्ये लवादाने रॅम्सच्या महागड्या नूतनीकरणाच्या बाजूने कौल दिला, तो खर्च सार्वजनिक तिजोरीतून करायला स्थानिक यंत्रणांनी नकार दिला, आणि जानेवारी २०१६ मध्ये मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी संघाला लॉस एंजेलिसला परत जायची परवानगी दिली. पुढे सेंट लुईसने लीगवर खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली. चिठ्ठी उचलल्यापासून ४६ वर्षांनी एनएफसी वेस्टमधले सगळे संघ खरोखर पश्चिमेतले झाले, तेही एका भाडेकरारामुळे.

यजमानपदाचा नियमही काही अनादि नाही. १९६७ मध्ये एनएफएलने चार-चार संघांच्या चार डिव्हिजन केल्या आणि प्रत्येकीचा फक्त विजेता बाद फेरीत. वेस्टची पूर्वज म्हणावी अशी कोस्टल डिव्हिजन तेव्हा रॅम्स, फोर्टीनाइनर्स, फाल्कन्स आणि बाल्टिमोर कोल्ट्सची होती. शेवटच्या रविवारी कोल्ट्स एकही सामना न हरता लॉस एंजेलिसला आले आणि ३४-१० ने हरले. दोन्ही संघ ११ विजय, १ पराभव, २ बरोबरी अशा एकाच आकड्यावर. आधीची लढत २४-२४ अशी सुटली होती, म्हणून आपसातल्या गुणांच्या फरकावर रॅम्स पुढे गेले आणि कोल्ट्स घरी बसले. इतर तीन डिव्हिजनचे विजेते नऊ-नऊ सामने जिंकून बाद फेरीत पोचले होते. आणि ११ सामने जिंकलेले रॅम्स पहिल्याच फेरीत ९-४-१ (विजय-पराभव-बरोबरी) असलेल्या ग्रीन बे पॅकर्सकडे मिलवॉकीला खेळायला गेले, कारण मैदानं पाळीपाळीने ठरत. तिथे ते २८-७ ने हरले. १९७२ चा मायामी डॉल्फिन्स संघ साखळीत अपराजित होता, तरी त्याला कॉन्फरन्सची अंतिम लढत पिट्सबर्गला जाऊन खेळावी लागली. लीगला हे खटकलं आणि १९७५ पासून मानांकन कामगिरीवर आलं. पण अर्धंच आलं: आधी डिव्हिजन विजेते आपसात क्रम लावणार, त्यांच्या खाली वाइल्ड कार्ड संघ, म्हणजे डिव्हिजन न जिंकता कामगिरीवर बाद फेरीत आलेले.

या अर्धवटपणाचं फळ एनएफसी वेस्टने तीन वेळा चाखलं. २००८ चे ॲरिझोना कार्डिनल्स ९-७ वर डिव्हिजन जिंकले. फोड अशी: डिव्हिजनमध्ये ६-०, बाहेर ३-७. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को ७-९, सिॲटल ४-१२ आणि सेंट लुईस २-१४ होतं, म्हणजे ते सहा विजय कोणत्या भावाने मिळाले हे उघड आहे. तरी ११-५ असलेले फाल्कन्स त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले आणि ३०-२४ ने हरले. पुढे कॉन्फरन्सची अंतिम लढतही ॲरिझोनात झाली, कारण समोरच्या फिलाडेल्फियाचं मानांकन सहावं होतं. फिलाडेल्फियाची साखळीतली कामगिरी ९-६-१, म्हणजे ॲरिझोनापेक्षा चांगली, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी याच कार्डिनल्सना ४८-२० ने धुतलं होतं.

२०१० चं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. सीहॉक्स ७-९, जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त. नऊच्या नऊ पराभव १५ किंवा त्याहून जास्त गुणांनी. शेवटच्या रविवारी सेंट लुईसला १६-६ ने हरवून त्यांनी डिव्हिजन घेतली आणि गतविजेत्या, ११-५ असलेल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे यजमान झाले. सिॲटलच्या मार्शॉन लिंचची ६७ यार्डांची धाव त्याच सामन्यातली, ज्या वेळी स्टेडियममधल्या जल्लोषाची नोंद भूकंपमापकावर झाली. सिॲटल ४१-३६ ने जिंकलं आणि ‘बघा, लायक होतेच की’ असा सूर निघाला. या युक्तिवादात मुख्य गोष्ट राहून जाते. त्या हंगामात सिॲटलची घरची कामगिरी होती ५-३ आणि बाहेरची २-६. न्यू ऑर्लिन्सला जाऊन तेच सीहॉक्स नोव्हेंबरमध्ये ३४-१९ ने हरले होते. घरच्या मैदानावर मिळालेला विजय ते मैदान मिळायला हवं होतं हे सिद्ध करू शकत नाही.

घरच्या मैदानाने या खेळात नेमकं काय बदलतं, हे नीट समजून घ्यायला हवं. आक्रमणाची बाजू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, आवाजावर चालते. चेंडू कोणत्या हाकेवर मागे द्यायचा हे आधी ठरलेलं असतं, आणि पुढच्या फळीतले पाच जण त्या हाकेवर एकाच क्षणी उठतात. बचाव करणाऱ्यांना ही हाक माहीत नसते, तो पाव-अर्ध्या सेकंदाचा फायदा आक्रमणाचा. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, पण तो प्रशिक्षकाकडून त्याच्यापर्यंतच, आणि प्ले क्लॉकवर (पुढची चाल सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. पुढच्या फळीच्या कानात काहीच नसतं. यजमान प्रेक्षक नेमके पाहुण्यांच्या आक्रमणावेळी ओरडतात, मग हाक ऐकू येत नाही आणि मूक मोजणीवर जावं लागतं: पुढच्या फळीतला गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, इशारा मिळाला की शेजारच्या, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला थोपटतो, सेंटर मान वर करतो आणि ठरलेल्या ठेक्यावर चेंडू देतो. फळीच्या कडेला असलेल्या टॅकलला आता समोरच्या धावणाऱ्या खेळाडूऐवजी तिरक्या नजरेने चेंडू बघावा लागतो. तो एक क्षण उशिरा उठला तर क्वार्टरबॅक पडतो. घाईत आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, पाच यार्डांचा दंड, आणि तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) पाच यार्ड हवे होते तिथे दहा लागतात. सिॲटलच्या स्टेडियमची छपरं जवळपास ७० टक्के खुर्च्यांवर आहेत आणि आवाज खाली मैदानात परततो. २००५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सना तिथे एकाच सामन्यात ११ फॉल्स स्टार्ट लागले. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे १३७.६ डेसिबल मोजले गेले. हा फायदा सगळ्या मैदानांवर इतका नसतो, लॉस एंजेलिसमध्ये तर पाहुण्यांचे चाहतेच कधीकधी जास्त भरतात. पण जिथे असतो तिथे तो डावपेचाइतकाच खरा असतो.

नियमाच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. १७ सामन्यांच्या वेळापत्रकात प्रत्येक संघ डिव्हिजनमधल्या तिघांशी दोनदा खेळतो, ते सहा. आपल्या कॉन्फरन्समधल्या एका पूर्ण डिव्हिजनशी चार, दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका पूर्ण डिव्हिजनशी चार. उरलेले तीन सामने मागच्या वर्षी त्याच क्रमांकावर आलेल्या संघांशी. म्हणजे एकाच डिव्हिजनमधल्या संघांत फरक फक्त तीन सामन्यांचा, आणि वेगवेगळ्या डिव्हिजनच्या संघांची वेळापत्रकं अगदी वेगळी असू शकतात. तेव्हा १२-५ आणि ९-८ यांची थेट तुलना कशी करणार?

मुद्दा बरोबर आहे, पण तो जागेच्या बाजूने जातो, यजमानपदाच्या नाही. डिव्हिजनच्या आत तुलना न्याय्य असल्यामुळे विजेत्याला बाद फेरीत घ्यावं हे पटतं. पण डिव्हिजनबाहेरची तुलना अन्यायकारक असेल तर लीग ती आजही रोज करते. पहिलं ते चौथं मानांकन चार डिव्हिजन विजेत्यांच्या विजयांची तुलना करूनच ठरतं, आणि पहिल्या मानांकनाबरोबर तर एक अख्खी फेरी सुट्टी मिळते. वाइल्ड कार्डच्या तीन जागाही तशाच ठरतात. ज्या आकड्यांवर एवढं सगळं चालतं, ते चौथ्या आणि पाचव्या मानांकनातल्या संघांमध्येच नेमके निरुपयोगी कसे होतात?

दुसरा आक्षेप व्यावहारिक: मानांकन बदललं तर जोड्या विस्कटतील. सहा-सहा संघांच्या जुन्या पद्धतीतली २००८, २०१० आणि २०१३ ही वर्षं घेऊन मांडणी करून पाहा, समान कामगिरी असेल तिथे डिव्हिजन विजेत्याला वर ठेवून. २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्स तिसरं आणि सिॲटल सहावं येतं, म्हणजे तोच सामना, फक्त न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. दुसरी जोडी, ग्रीन बे आणि फिलाडेल्फिया, जशीच्या तशी आणि फिलाडेल्फियातच. २००८ मध्ये ॲरिझोना आणि अटलांटा यांचीच गाठ, अटलांटात. त्यानंतर कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तेच दोन संघ आले असते तर तो फिलाडेल्फियात. २०१३ मध्येही तेच: ग्रीन बे आणि सॅन फ्रान्सिस्को, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर. तीन वर्षांत सलामीची एकही जोडी बदलत नाही. सात संघांच्या आजच्या पद्धतीत जोड्या थोड्या हलतील, हे खरं. २०२४ च्या हंगामात रॅम्सना यजमानपद सोडून फिलाडेल्फियाला जावं लागलं असतं.

२०१३ चा उल्लेख आलाच आहे, तर त्या वर्षी हीच डिव्हिजन नियमाखाली भरडली गेली. सिॲटल १३-३, सॅन फ्रान्सिस्को १२-४, ॲरिझोना १०-६. ॲरिझोना बाद फेरीबाहेर, आणि १२ सामने जिंकलेले फोर्टीनाइनर्स ८-७-१ असलेल्या पॅकर्सकडे उणे १५ अंश सेल्सियसच्या थंडीत खेळायला. ते २३-२० ने जिंकले. पुढच्या वर्षी ११-५ असलेले कार्डिनल्स ७-८-१ असलेल्या पँथर्सकडे गेले, पहिले दोन क्वार्टरबॅक जखमी असताना. संपूर्ण सामन्यात त्यांनी ७८ यार्ड काढले आणि २७-१६ ने हरले. घरी खेळूनही ते कदाचित हरले असते, तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या कामगिरीला मैदान कारण नसतं. पण ११ सामने जिंकून ती संधी त्यांनी कमावली होती.

‘डिव्हिजनला अर्थ राहणार नाही, शेवटचे आठवडे मरतील’ ही भीतीही तपासू. २०१० पासून लीग शेवटच्या आठवड्याचे सगळे सामने डिव्हिजनमधलेच ठेवते, तिथे चुरस राहावी म्हणून. आजच्या नियमाने उलट काय होतं ते ५ जानेवारी २०२५ ला दिसलं. रॅम्सची डिव्हिजन एक आठवडा आधीच नक्की झाली होती. पणाला उरलं होतं तिसरं की चौथं मानांकन, आणि यजमानपद दोन्हीत होतंच. त्यांनी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसह प्रमुख खेळाडूंना बसवलं आणि सिॲटलकडून ३०-२५ ने हरले. दोन्ही संघ १०-७ वर संपले, आणि समान गुणांच्या निकषांवर रॅम्स वर. मानांकन विजयांवर असतं तर हा सामना असा सोडून देता आला नसता.

त्याच रात्री डेट्रॉइट लायन्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज १४-२ अशा बरोबरीत समोरासमोर आले. जिंकणारा पहिल्या मानांकनावर, एक फेरी विश्रांती. हरणारा पाचव्या मानांकनावर, बाहेरच्या मैदानावर पाहुणा. व्हायकिंग्ज ३१-९ ने हरले आणि १४-३ चा संघ १०-७ च्या रॅम्सकडे पाहुणा म्हणून गेला. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे सामना ॲरिझोनातल्या ग्लेन्डेलला हलवावा लागला आणि रॅम्स २७-९ ने जिंकले. ऑक्टोबरमध्ये याच रॅम्सनी व्हायकिंग्जना हरवलं होतं, हे व्हायकिंग्जसाठी हळहळणाऱ्यांनी विसरू नये. पण वेळापत्रकाने व्हायकिंग्जची त्या वर्षी संपूर्ण एनएफसी वेस्टशी गाठ घातली होती आणि उरलेल्या तिघांनाही त्यांनी हरवलं होतं.

लायन्सनी २०२५ च्या वसंतात नेमका हाच बदल सुचवला: जागा डिव्हिजन विजेत्याचीच, मानांकन मात्र साखळीतल्या कामगिरीवर. एप्रिलमध्ये प्रस्ताव पुढे ढकलला गेला, मे महिन्यात मागे घेतला गेला. नियम बदलायला ३२ पैकी २४ मतं लागतात, म्हणजे नऊ मालक अडून बसले की संपलं. हे नऊ सहज मिळतात, कारण आजचा नियम मालकांसाठी विमा आहे: तिघांच्या पुढे गेलं की बाद फेरीतला एक घरचा सामना नक्की. बास्केटबॉलच्या एनबीएने २०१५ मध्ये हे ओझं उतरवलं. त्याआधी पोर्टलंड ५१ विजयांवर, डिव्हिजन जिंकल्यामुळे, ५५ विजय असलेल्या मेम्फिस आणि सॅन अँटोनियोच्या वर चौथं मानांकन घेऊन बसलं होतं. तिथे तेव्हाही यजमानपदाचा फायदा जास्त विजयांच्या मेम्फिसलाच होता. आता मानांकनातली ती हमीही गेली, आणि डिव्हिजन अजून शाबूत आहेत.

या बदलाने सगळा अन्याय मिटत नाही. २०१० मध्ये जायंट्स आणि बकनीर्स १०-६ असूनही बाहेर राहिले, दोघांनी सिॲटलला त्या हंगामात ४१-७ आणि ३८-१५ असं लोळवलेलं असताना. सुचवलेल्या नियमातही ते बाहेरच राहिले असते. डिव्हिजन ठेवायची तर ही किंमत मोजावी लागते, आणि वर्षातून दोनदा भिडणारे शेजारी हवे असतील तर ती मोजावी असं मला वाटतं.

प्रस्ताव पुन्हा येईल तेव्हा पहिली चार मतं एनएफसी वेस्टमधून यायला हवीत. ॲरिझोनाने २००८ मध्ये, सिॲटलने २०१० मध्ये आणि रॅम्सनी २०२४ च्या हंगामात या नियमाचा लाभ घेतला. सॅन फ्रान्सिस्को २०१३ मध्ये, ॲरिझोना २०१४ मध्ये आणि सिॲटल २०१९ मध्ये त्याचा फटका खाऊन गेले. २०१९ मध्ये तर ११-५ असलेलं सिॲटल शेवटच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोसमोर गोलरेषेच्या काही इंच अलीकडे अडलं, २६-२१ ने हरलं आणि ९-७ च्या फिलाडेल्फियाकडे रवाना झालं.